पोटातलं शिसं

एल्वा ट्विली कॉफी विचारत होती
आणि मी तिच्या मागे बघत होतो,
स्वयंपाकघराच्या दाराशी.
दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून
तिथे एक बदक ठेवलं होतं. लाकडाचं.
मी हो म्हणालो.
कॉफी मला चालत नाही.

चेसापीकच्या या काठानं
एकोणतीस वर्षं हिंडतोय मी,
शनिवारी दातांचा दवाखाना बंद ठेवून.
गॅरेजं, होड्यांची छपरं,
मेलेल्यांच्या घरांचे लिलाव.
फळीवर एकशे बारा पाखरं जमली.
एकानं कधी पंख हलवला नाही,
आणि बायको म्हणायची, तूही त्यांच्यातलाच.

जुनं तेवढं मोलाचं, असं लोकांना वाटतं.
मी आधी मान बघतो.
मग चोच, एकसंध की सांधलेली,
शेपटीखाली रंध्याचा माग,
आणि सगळ्यात शेवटी, श्वास धरून, रंग.
छर्ऱ्यांची भोकं चालतात. असलेली बरी.
पण नंतर कुणी रंगाचा हात मारला असेल
तर तो हात सगळी किंमत खातो.

हे बदक निळं होतं.
निळं!
होडीला फासतात तसलं, डबक्यासारखं साचलेलं,
चोचीपासून शेपटीपर्यंत एकच निळं.
मान मात्र मी ओळखली.
चोच पाठीत खुपसून झोपावं की नाही
असा विचार करणारी मान
या खाडीत एकच माणूस कोरायचा:
हार्लन ट्विली. उन्हाळाभर खेकडे,
हिवाळ्यात रिकामे हात आणि कुऱ्हाड.
मोडक्या टेलिफोनच्या खांबातून
तो थवेच्या थवे काढायचा.
पाण्यावर सोडले की वरचे खरे थवे
आपलीच माणसं बसलीत समजून
खाली उतरायचे.

"निळा कुणी दिला?"
"मी. सात वर्षांची होते.
बाबांना विचारलं, निळ्या बदकाला कोण फसेल?
ते म्हणाले, कुणीच नाही.
मग मी डबा उघडला."
तिनं साखर ढवळली.
"सगळ्यांना पुरला नाही रंग."

किंमत मी नीट सांगितली, लपवली नाही.
ती म्हणाली, ठीक आहे, पण दाराला काय लावू?
अंगणातली एक वीट आणून दिली.

रात्री टेबलावर दिवा ओढला.
बदक उलटं केलं: पोटाला शिशाचा ठोकळा,
हार्लननं स्वतः ओतलेला, खिळे गंजलेले.
हे असतं म्हणून लाकूड लाटेवर कलंडत नाही.
आणि पाठीत, निळ्याखाली, बोटाला लागले
चार बारीक फुगवटे.
तेही शिसंच.
कुणाचा तरी नेम चुकला होता,
किंवा कुणी तरी फसलं होतं, बंदुकीच्या बाजूला.

दातांवरचं कीटण काढायचं पातं घेतलं.
हात माझा स्थिर आहे, आजही.
डाव्या पंखामागे नखाएवढं खरवडलं
आणि खालून उजळलं ते करडं-पांढरं,
कंगव्यानं ओढल्यासारख्या रेघा, ओल्या वाटाव्यात इतक्या.
हार्लनचा हात.
माझ्या गळ्यात काही तरी आलं.
अजून थोडं, म्हणून पातं पुढे नेलं
तर निळ्याच्या काठावर, तिथेच,
रंग वाळण्याआधी टेकलेलं एक बोट.
रेषांसकट.
माझ्या करंगळीच्या निम्मं.

पातं पुसलं. दिवा तसाच राहिला.
पहाटे खिडकीबाहेर उत्तरेकडून आलेली पाखरं
खाडीवरून ओरडत गेली.
मी बंदूक कधी धरली नाही,
हे मी त्या वेळी स्वतःला का सांगितलं, कळलं नाही.

गुरुवारी एल्वाचा फोन आला.
वीट सरकते म्हणाली, वारा सुटला की.
मी गाडीची किल्ली शोधतोय.